एक जण बरा झाला, म्हणून काय सिद्ध झाले?

विद्यार्थी मित्रांनो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. गावातील एक तरुण मुलगा गेले दोन महिने गप्प गप्प आहे. धानाच्या रोवणीला तो गेला नाही. त्याचे जेवण कमी झाले आहे, झोप उडाली आहे, मित्र दारातून हाका मारून गेले तरी तो बाहेर येत नाही. घरचे काळजीत पडतात आणि शेजारीपाजारी सल्ले देऊ लागतात. एक म्हणतो, "बाहेरचं काही असेल, पुजाऱ्याला दाखवा." दुसरा म्हणतो, "लग्न करून टाका, आपोआप ताळ्यावर येईल." तिसरा एका टॉनिकचे नाव सांगतो. चौथा जरा शिकलेला असतो. तो म्हणतो, "नागपूरला एक समुपदेशक आहेत, त्यांच्याकडे न्या."

हे चार सल्ले चार दिशांचे आहेत. पण "कशावरून?" असे विचारलेत, तर चौघांचे उत्तर एकच येईल : "अहो, आमच्या ओळखीतला एक जण असाच बरा झाला!"

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला येथे थांबावेसे वाटते. पहिले तीन सल्ले आपण चटकन बाजूला सारतो आणि चौथा विज्ञानाचा वाटतो म्हणून मान्य करतो. पण त्याचा पुरावा तरी पहिल्या तिघांपेक्षा वेगळा कोठे आहे? माझे मत असे आहे, की मनावर उपचार करतो असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने, मग तो गावचा पुजारी असो की मोठ्या विद्यापीठातला मानसशास्त्रज्ञ, आपला उपचार मोजून दाखवला पाहिजे. आणि ही मोजणी केवळ श्रीमंत देशांची चैन नाही. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जंगलातल्या जिल्ह्यांना तर तिची सर्वांत जास्त गरज आहे. असे मी का म्हणतो, ते आता सांगतो.

पारा आपोआपही उतरतो

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो, हे तुम्हाला सांगायला नको. समजा, उन्हाळ्यातील सर्वांत कडक दिवशी गावकऱ्यांनी चौकात शंभर घागरी पाणी ओतले. पुढच्या आठवड्यात तापमान तीन अंशांनी उतरले. ते पाण्यामुळे उतरले काय? मुळीच नाही. जो दिवस सर्वांत तापलेला, त्याच्या नंतरचे दिवस त्याहून थंड असणारच. आपण पाणी ओतण्यासाठी दिवसच असा निवडला, की त्यानंतर उतार ठरलेला होता.

दुखण्याचेही असेच आहे. माणूस मदत मागायला केव्हा निघतो? जेव्हा त्रास शिगेला पोहोचतो तेव्हा. त्यानंतर काही काळाने अनेकांना थोडे बरे वाटू लागते. अंगारा लावला असेल तर श्रेय अंगाऱ्याला जाते, टॉनिक घेतले असेल तर टॉनिकला आणि समुपदेशकाकडे गेला असेल तर समुपदेशकाला. जे बरे झाले नाहीत ते आपली गोष्ट सांगत फिरत नाहीत. म्हणून "एक जण बरा झाला" हे वाक्य खरे असूनही त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

मग सिद्ध कशाने होते? तुलनेने. उपचार घेतलेले शंभर आणि तसेच पण उपचार न घेतलेले शंभर, असे दोन गट शेजारी शेजारी ठेवावे लागतात.

गडचिरोलीची ४७ गावे

ही तुलना शिकायला आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यात काम करीत आहे. खेड्यांत जन्मणाऱ्या बाळांपैकी बरीच पहिल्या महिन्यातच दगावत होती. त्या गावांत हजार जन्मांमागे सुमारे साठ मृत्यू होत. १९९५ पासून या संस्थेने ३९ गावांत एक पद्धत राबवली. गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण दिले. त्यांनी घरी जाऊन बाळाचे वजन घ्यायचे, त्याला ऊब द्यायची, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखायची आणि ठरलेले औषध द्यायचे.

परंतु माझ्या दृष्टीने खरी शिकवण आहे ती दुसऱ्या ४७ गावांत. तेथे ही पद्धत राबवली नव्हती, तरीही जन्म आणि मृत्यूंची नोंद तितक्याच काटेकोरपणे ठेवली गेली. तीन वर्षांनी पहिल्या गावांत हे प्रमाण हजारी सुमारे २५ वर आले, तर दुसऱ्या गावांत ते साठच्या आसपासच राहिले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले, आणि पुढे देशभर अशा सेविकांचा विचार होऊ लागला. ती ४७ गावे नसती तर कोणीही म्हणाले असते, "काळ बदलला, रस्ते झाले, म्हणून मृत्यू कमी झाले." त्या गावांनी हा आक्षेप खोडून काढला.

आता तुम्ही म्हणाल, "सर, बाळ जगले की दगावले हे मोजता येते. मन कसे मोजणार?" प्रश्न रास्त आहे.

मनाला थर्मामीटर लावता येतो काय?

ताप म्हणजे काय, याची नीट कल्पना नसतानाही माणसाने थर्मामीटर बनवला. पारा तापाला स्पर्श करीत नाही. तापाचा पाऱ्यावर जो परिणाम होतो, तो आपण वाचतो. मनाच्या बाबतीत तसेच काही करता येते. १९६१ मध्ये अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी २१ प्रश्नांची एक यादी तयार केली. आज आरोग्यकेंद्रांत नऊ प्रश्नांची एक छोटी यादी वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही असे किती दिवस झाले, झोप किती दिवस बिघडली, स्वतःविषयी वाईट किती दिवस वाटले, असे ते प्रश्न असतात. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, म्हणजे एकूण २७ गुण. गुण जितके अधिक तितके नैराश्य तीव्र.

हे माप परिपूर्ण आहे काय? नाही. पण परिपूर्ण माप तर तुमच्या प्रयोगशाळेतही नाही. व्हर्नियर कॅलिपरला लघुतम माप असते. त्याहून लहान फरकावर आपण विश्वास ठेवत नाही. मापात चूक असते हे मान्य करून ती किती असते हे सांगणे, यालाच आपण मोजणे म्हणतो. नेमकी हीच गोष्ट एका मानसशास्त्रज्ञाने आपल्या व्यवसायबंधूंना शिकवली. त्यांची ओळख करून घेण्यासारखी आहे.

स्वतःचा उपचार तराजूत घालणारा मानसशास्त्रज्ञ

नील जेकबसन यांचा जन्म १९४९ चा. १९७७ मध्ये त्यांनी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात अध्यापन केले. ते वर्तनवादी परंपरेत वाढले होते. मनात खोल काय दडले आहे याच्या कथा रचण्यापेक्षा माणूस काय करतो ते पाहावे, आणि ते बदलता येते काय ते तपासावे, ही त्या परंपरेची शिस्त. भांडणाऱ्या पतिपत्नींसाठी त्यांनी एक उपचारपद्धती बसवली आणि १९७९ मध्ये तिच्यावर सहलेखिकेसह पुस्तक लिहिले. पद्धत गाजली. चाचण्यांत ती चांगली ठरली होती.

दुसरा कोणी असता तर एवढ्यावर समाधान मानून पुढची वर्षे व्याख्याने देत हिंडला असता. जेकबसन यांनी काय केले? १९८४ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या चाचण्यांचे आकडे पुन्हा काढले आणि प्रश्न बदलला. "सरासरी सुधारली काय?" हा जुना प्रश्न. "किती जोडपी खरोखर सुखी जोडप्यांसारखी झाली?" हा नवा प्रश्न. नव्या प्रश्नाचे उत्तर निराश करणारे होते. सुमारे एक तृतीयांश जोडपीच त्या पातळीला पोहोचली होती. पुढे असेही दिसले, की बऱ्या झालेल्यांपैकी काही दोन वर्षांत पुन्हा मूळपदावर आली. स्वतःच्याच पद्धतीविषयीचे हे निष्कर्ष त्यांनी छापून प्रसिद्ध केले, आणि सहकाऱ्यांसह ती पद्धत नव्याने बांधायला घेतली.

१९९१ मध्ये पॉला ट्रुअक्स यांच्यासह त्यांनी एक कसोटी मांडली. रुग्ण सुधारला असे म्हणण्यासाठी दोन गोष्टी हव्यात. एक, गुणांतला फरक त्या मापाच्या चुकीपेक्षा मोठा हवा. दोन, शेवटचे गुण त्रास नसलेल्या माणसांच्या पट्ट्यात यायला हवेत. पहिली अट म्हणजे आपलेच लघुतम माप! तुम्ही नववीत जे शिकता, ते मनाच्या उपचारांना लावायला १९९१ साल उजाडावे लागले.

त्यानंतरचा त्यांचा प्रयोग तर भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शोभावा असा आहे. बेक यांनी नैराश्यावर विचारांचा उपचार सुचवला होता. त्याचे तीन थर होते. पहिल्या थरात रुग्णाला दिवसभराची छोटी छोटी कामे आखून देत आणि ती करायला मदत करीत. दुसऱ्या थरात मनात क्षणोक्षणी येणारे चुकीचे विचार पकडायला शिकवीत. तिसऱ्या थरात "मी निकामी आहे" यांसारख्या खोल समजुती बदलण्याचा प्रयत्न असे. उपचार गुणकारी आहे हे दिसत होते, आणि गुण तिसऱ्या थरामुळे येतो असे बहुतेकांचे मत होते.

विद्युत मंडलात नेमका कोणता भाग काम करतो हे पाहायचे असेल, तर तुम्ही काय करता? एकेक भाग काढून पाहता. जेकबसन यांनी तेच केले. नैराश्याच्या १५० रुग्णांचे त्यांनी तीन गट पाडले. पहिल्या गटाला केवळ पहिला थर, दुसऱ्याला पहिले दोन, तिसऱ्याला तिन्ही. उपचार करणारे अनुभवी होते आणि त्यांचा विश्वास पूर्ण उपचारावर होता. १९९६ मध्ये निकाल छापला गेला. तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता! सहा महिन्यांनीही नव्हता आणि दोन वर्षांनीही नव्हता.

येथे तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी हात वर करील : "सर, तिन्ही सारखेच, पण तिन्ही निरुपयोगी असतील तर?" शाबास! कारण त्या प्रयोगात उपचार न घेतलेला गट नव्हता. म्हणून दुसरा मोठा प्रयोग आखला गेला. तो चालू असतानाच, १९९९ मध्ये, जेकबसन वारले. त्या वेळी त्यांचे वय पन्नाशीच्या आसपास होते. सोना दिमिजियन आणि इतर सहकाऱ्यांनी काम पुरे केले. २००६ मध्ये २४१ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अधिक तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांत केवळ कामे आखून देण्याचा साधा उपचार औषधाच्या बरोबरीने उतरला आणि विचारांच्या उपचारापेक्षा सरस ठरला.

साधे म्हणजे सोपे नव्हे

हा साधा उपचार काय आहे, ते समजून घ्या. माणूस खिन्न झाला की तो कामे सोडतो. शेतावर जात नाही, मित्रांत बसत नाही, देवळात भजनाला जात नाही. त्यामुळे दिवसातले सुखाचे क्षण कमी होतात. म्हणून तो अधिक खिन्न होतो आणि आणखी कामे सोडतो. हे चक्र आहे. आपण समजतो, आधी मन ताजे होईल आणि मग हात चालू लागतील. हा उपचार चक्र उलट्या बाजूने फिरवतो. आधी हात थोडे चालू करू, मन मागून येईल.

मात्र "ऊठ, कामाला लाग, काही झालेले नाही तुला" असे दरडावणे म्हणजे हा उपचार नव्हे. तसे तर घरचे रोजच सांगत असतात. येथे उपचारक रुग्णाबरोबर बसतो. कोणते काम त्याला पूर्वी आवडत असे ते विचारतो. त्याचा इतका छोटा तुकडा पाडतो, की तो आज जमेल. केल्यावर कसे वाटले, याची नोंद ठेवतो. जमले नाही तर रागावत नाही, अडले कोठे ते शोधतो. हे कौशल्याचे काम आहे, आणि ते प्रशिक्षणाने येते.

आता हे सारे आपल्या जंगलापर्यंत कसे येते ते पाहा. वाट गोव्यावरून जाते.

गोव्यातील दोन गट

गोव्यात १९९६ मध्ये 'संगत' ही संस्था स्थापन झाली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्यापुढे प्रश्न असा होता, की देशात मनोविकारतज्ज्ञ मूठभर आणि रुग्ण अपार. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले, की नैराश्य असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नाही. डॉक्टर नसतील तर उपचार कोणी करायचा?

अवघड तीन थरांचा उपचार शिकवायचा तर वर्षे लागतात. पण एकाच थराने काम भागते, हे जेकबसन यांच्या प्रयोगाने दाखवले होते. तो थर गावातल्या शिकलेल्या, पण मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या माणसांना शिकवता येईल काय? संगतच्या गटाने तसा उपचार बसवला. जेकबसन यांच्याबरोबर काम केलेल्या दिमिजियन याही त्यात सहभागी होत्या. सहा ते आठ भेटी, आणि बहुतेक संभाषण लोकांच्या बोलीत. समुपदेशकांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण ऐकून ते एकमेकांच्या कामाला गुण देत, म्हणजे कोणी वाटेल ते बोलून वेळ मारून नेऊ नये.

मग चाचणी झाली. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्यकेंद्रे आणि तीव्र नैराश्य असलेले ४९५ रुग्ण. कोणाला समुपदेशन मिळणार, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवले. चिठ्ठ्या का? उपचारकाला निवडू दिले, तर तो नकळत लवकर बरे होतील असे रुग्ण स्वतःकडे घेईल. चिठ्ठी कोणाचे तोंड पाहत नाही. दोन्ही गटांतील रुग्णांच्या डॉक्टरांना तपासणीचा निकाल कळवला होता आणि नेहमीचे उपचार दोघांनाही मिळत होते. फरक फक्त समुपदेशनाचा.

तीन महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्या शंभरांपैकी ६४ जणांचे गुण नैराश्याच्या ठरलेल्या रेषेखाली आले होते. न मिळालेल्यांपैकी ३९ जणांचे. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले.

मित्रांनो, वाचक साधारणपणे ६४ कडे पाहतो. तुम्ही ३९ कडे पाहा. इतकी माणसे समुपदेशनाशिवायच सुधारली होती! आपल्या गोष्टीतील "एक जण बरा झाला" तो या ३९ मध्ये बसलेला आहे. दुसरा गट नसता तर ६४ चे सारे श्रेय समुपदेशनाला गेले असते. खरे श्रेय २५ चे आहे, म्हणजे चौघांना समुपदेशन दिले तर एक जास्तीचा माणूस बरा होतो. आणि शंभरांपैकी ३६ जण समुपदेशनानेही त्या रेषेखाली आले नाहीत, त्यांच्यासाठी आणखी काही करायला हवे. बारा महिन्यांनी पुन्हा मोजले तेव्हा हे आकडे ६३ आणि ४८ होते. फरक कमी झाला, पण टिकला.

याच गटाने दारूचा त्रास असलेल्या ३७७ पुरुषांवरही अशीच चाचणी घेतली. तेथे समुपदेशन मिळालेल्या शंभरांपैकी ३६ जण तीन महिन्यांनी सुधारले होते आणि न मिळालेल्यांपैकी २६. फरक लहान आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. दारूपायी घरे कशी उद्ध्वस्त होतात, हे या दोन जिल्ह्यांतील मुलांना वेगळे सांगायला नको. "आमच्याकडे या, शंभर टक्के दारू सुटेल" अशा जाहिराती तुम्ही भिंतींवर वाचल्या असतील. त्यांच्याशेजारी हा शंभरांतल्या दहांचा फरक ठेवून पाहा. माझा विश्वास दहांवर बसतो, कारण तो कसा मोजला हे मला ठाऊक आहे.

"प्रत्येक मन वेगळे असते"

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. प्रत्येक माणूस वेगळा, त्याचे दुःख वेगळे, मग शंभर जणांची बेरीज करून काय कळणार?

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील शेतकरी दादाजी खोब्रागडे यांचे शिक्षण तिसरीपर्यंतचे. १९८३ मध्ये धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या इतरांहून निराळ्या दिसल्या. त्यांनी त्यांचे दाणे वेगळे ठेवले, वेगळे पेरले, आजूबाजूच्या धानाशी ताडून पाहिले आणि हे वर्षानुवर्षे केले. त्यातून 'एचएमटी' हे नावाजलेले वाण आले. एकही दाणा दुसऱ्यासारखा नसतो. माती, पाणी, ऊन सारेच दर वर्षी वेगळे असते. म्हणूनच तर शेजारी शेजारी पेरून पाहावे लागते! सारी मने सारखी असती तर एका माणसावर प्रयोग करून भागले असते. वेगळेपण हे मोजणी टाळण्याचे कारण नव्हे, ती अधिक काळजीने करण्याचे कारण आहे.

पुजाऱ्याची मी थट्टा करीत नाही. तो रुग्णाजवळ बसतो, त्याचे ऐकतो, त्याच्या घरच्यांना एकत्र आणतो. कदाचित या बसण्या-ऐकण्यातच काही गुण असेल. तेही तपासता येईल. मात्र तपासणीला नकार देण्याचा अधिकार पुजाऱ्याला नाही, तसा पदवीच्या पाटीमागे बसलेल्या तज्ज्ञालाही नाही.

आपल्याला याचे काय?

पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण पावसाळ्यात वाचत आलो आहोत. एटापल्ली, सिरोंचा, जिवती येथील खेड्यांतून मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे जायचे, तर एका दिवसाची मजुरी आणि भाडे खर्चावे लागते. अशा ठिकाणी वीस भेटींचा, महागड्या तज्ज्ञाचा उपचार कधीच पोहोचणार नाही. पोहोचला तर असा उपचार पोहोचेल, ज्यातले अनावश्यक भाग काढून टाकले आहेत आणि जो गावातलीच एखादी ताई शिकून देऊ शकेल. आणि अनावश्यक कोणते, हे शंका घेऊन मोजल्यावाचून कळत नाही. जेकबसन यांनी आपल्याच क्षेत्राच्या लाडक्या उपचारावर शंका घेतली नसती, तर गोव्यातील त्या समुपदेशकांना नेमके काय शिकवायचे, हेच सापडले नसते. शंका घेणारा माणूस कोरडा असतो, असे आपल्याकडे मानतात. मला ते पटत नाही.

जाता जाता तुम्हाला एक उदाहरण सोडवायला देतो. विदर्भातच, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत, 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम राबवला गेला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये छापले गेले. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्केच लोक मदत घेत होते. अठरा महिन्यांनी २७.२ टक्के घेऊ लागले. गावांतील नैराश्याचे प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आले. काम मोलाचे आहे, यात वाद नाही. पण येथे आधी व नंतर अशी मोजणी आहे, शेजारची तुलनेची गावे नाहीत. मग यातील कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवाल? वर्गात चर्चा करा. शिक्षकांनी मुद्दाम उत्तर सांगू नये.

आणि यापुढे कोणीही, कोणत्याही उपचाराचा दावा केला, की तीन प्रश्न विचारा. किती जणांपैकी किती बरे झाले? कोणाशी तुलना करून? आणि कशाने मोजले? विचारताना आवाज नम्र ठेवा, पण प्रश्न सोडू नका.

एक पथ्य मात्र पाळा. शंका उपचारावर घ्यायची, दुखणाऱ्यावर नाही. तुमच्या बाकावरचा मित्र महिनाभर गप्प असेल, वर्गात येईनासा झाला असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला असेल, तर त्याच्याकडे पुरावा मागू नका. त्याच्याजवळ बसा, विश्वासातल्या शिक्षकांना सांगा, प्राथमिक आरोग्यकेंद्रात घेऊन जा. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो कोणत्याही वेळी फिरवता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.